मदत हवी आहे: बोटीचा स्पीड वाढला की सोनारवर नुसता नॉइज, तळ दिसत नाही

नमस्कार मंडळी, आमच्या छोट्या सर्व्हे बोटीवर हलच्या (बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या) खालच्या बाजूला इको साउंडर बसवलाय, म्हणजे आवाज पाठवून त्याच्या एकोवरून खोली दाखवणारा सोनार, ३८ आणि २०० किलोहर्ट्झ असे दोन चॅनेल. ४ नॉट्सपर्यंत चित्र स्वच्छ येतं पण ८ ला गेलो की ३८ वर खालचा अर्धा स्क्रीन दाण्यांनी भरतो आणि तळाची रेघ त्यात हरवते, २०० वर एवढा त्रास नाही. गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) कमी केला तर तळही जातो. खोलीबरोबर दाणे वाढतात ते टीव्हीजीमुळे (वेळेनुसार वाढत जाणारा गेन), उशिरा आलेला सिग्नल रिसीव्हर जास्त मोठा करतो आणि त्याच्याबरोबर नॉइजही, एवढं समजलंय.

ट्रान्समिट बंद करून नुसतं ऐकून बघितलं, दाणे तसेच. मग इंजिन बंद करून बोट वाहू दिली आणि इन्व्हर्टर, रडार, बॅटरी चार्जर एकेक चालू केलं, चार्जरला बारीक पट्टे आले, ते ट्रान्सड्यूसरची (आवाज पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागाची) केबल पॉवर केबलपासून लांब नेल्यावर गेले. आता हे प्रोपेलरचं कॅव्हिटेशन (पात्यांजवळ दाब कमी होऊन बुडबुडे तयार होणं आणि फुटणं) आहे का हलखालून वाहणारे बुडबुडे, कसं ओळखायचं? बोट पाण्याबाहेर एकदाच काढता येणार आहे, तेव्हा चुकीच्या जागी काम करून बसायचं नाहीये. प्लीज सांगा कोणीतरी.

उत्तर: ८ नॉट्सला असताना गिअर न्यूट्रलला टाका आणि स्क्रीनकडे बघत राहा. बोट थोडा वेळ त्याच वेगात सरकते पण प्रोपेलरवर लोड नसतो. दाणे लगेच गेले तर प्रोपेलर, वेगाबरोबर हळूहळू कमी झाले तर पाण्याचा प्रवाह. शिवाय धक्क्याला बांधून न्यूट्रलमध्येच तेवढ्याच आरपीएमवर इंजिन चालवून बघा, म्हणजे इंजिनाची थरथर किती ते वेगळं कळेल. आणि बुडबुडे असतील तर ते तुमचा पिंगच (पाठवलेला आवाज) अडवतात, समोरून लाटा घेताना तळ मधेमधे पूर्ण गायब होतो. कॅव्हिटेशनमध्ये तळाचा एको तेवढाच असतो, फक्त नॉइजखाली दबतो. तोपर्यंत पल्स (एका पिंगचा कालावधी) लांब करा, थोडा फरक पडेल.

धागाकर्ता: मनापासून आभार! आज केलं, न्यूट्रलला टाकल्या टाकल्या स्क्रीन साफ, आणि वेग वाढवताना ६ च्या आसपास दाणे एकदम सुरू होतात, हळूहळू नाही. धक्क्याला काहीच आलं नाही. म्हणजे प्रोपेलरच. उद्या डायव्हर खाली जाऊन पात्यांच्या कडा बघणारे, खवले किंवा टवके दिसले तर फोटो टाकतो, दुरुस्ती पुरेल का नवीनच घ्यावा लागेल ते सांगाल का?