मदत हवी आहे: भूमिगत खाणीत कामाच्या तोंडाशी (जिथे कोळसा कापला जातो तिथे) हवा कमी पडते, पंख्याचा वेग वाढवावा का?

नमस्कार. मी भूमिगत कोळसा खाणीत वायुवीजनाचे काम पाहतो. मुख्य पंख्यातून जाणारी हवा पूर्वीइतकीच भरते. मात्र काम पुढे सरकले तसतशी शेवटच्या जोडबोगद्यापर्यंत (दोन समांतर बोगद्यांना जोडणाऱ्या आडव्या बोगद्यापर्यंत) पोहोचणारी हवा घटत गेली आहे, आणि छतालगत मिथेनचे प्रमाण बोगद्याच्या मधोमध येणाऱ्या प्रमाणापेक्षा स्पष्टपणे जास्त आढळते. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने हवेचा वेग मंदावला की छताखाली थर धरतो, आणि हवेत 5 ते 15 टक्के मिसळला की स्फोटक ठरतो. म्हणून नुसत्या सरासरीवर विसंबणे मला पटत नाही. मिथेनने ठरलेली मर्यादा गाठण्याआधीच आम्ही वीज तोडून माणसे मागे घेतो.

मुख्य पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी वाढवावा, असा प्रस्ताव आहे. खाणीचा रोध (बोगद्यांतून हवेला होणारा अडथळा) तोच राहिला, तर हवा 20 टक्के वाढेल. पण दाब 44 टक्के आणि लागणारी शक्ती सुमारे 73 टक्के वाढेल. त्या दाबाने स्टॉपिंगमधली (ताजी आणि परतीची हवा वेगळी ठेवणाऱ्या भिंतींमधली) गळतीही वाढेल. मला अधिक चिंता वाटते ती गोफमध्ये (कोळसा काढून झालेल्या पोकळ भागात) जास्त हवा शिरून तिथला उरलेला कोळसा आपोआप तापण्याची. डक्टसह (हवा नेणाऱ्या नळीसह) सहायक पंखा बसवावा, तर त्याच्याजवळ येणारी ताजी हवा त्याच्या क्षमतेपेक्षा कमी पडल्यास तो वायूमिश्रित हवाच पुन्हा ओढून फिरवत राहील.

अशा स्थितीत आपण आधी काय कराल, आणि गळतीची मोजणी कुठून सुरू कराल?

उत्तर: आपली शंका रास्त आहे, वेग तूर्त वाढवू नये. इनटेक (ताजी हवा आत आणणारा मार्ग) आणि रिटर्न (वापरलेली हवा बाहेर नेणारा मार्ग) यांमधला दाबाचा फरक सहसा शाफ्टच्या (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवराच्या) तळाजवळ सर्वाधिक असतो, त्यामुळे तिथली लहान फटही पुष्कळ हवा खाते. मोजणी तिथूनच सुरू करून प्रत्येक स्टॉपिंगच्या आधी व नंतर इनटेकमधली हवा मोजत तोंडाकडे जावे; दारे आणि एअर क्रॉसिंगही (इनटेक व रिटर्न न मिसळता एकमेकांवरून जातात त्या जागा) तपासावीत. गळती बुजवून ताजी हवा पुरेशी झाल्यावरच सहायक पंख्याचा विचार करावा. तो कधी बंद पडून वायू साचला, तर लगेच पूर्ण जोराने सुरू करू नये, कारण साचलेला वायू एकाच लोंढ्याने रिटर्नमध्ये येतो. माणसे बाहेर काढून आणि रिटर्नमधली वीज तोडून, वायूचे प्रमाण मोजत तो हळूहळू विरळ करावा. बॅरोमीटर झपाट्याने उतरत असेल त्या दिवशी गोफच्या कडेची तपासणी वाढवावी, कारण तिथला वायू तेव्हा जास्त बाहेर पडतो.