ब्रेस्ट पंपाचा २४ मिमीचा फनेल दुखतो म्हणून २७ चा?

बडोद्याच्या ताई, २४ चा फनेल (पंपाचा स्तनावर बसणारा भाग) दुखतो म्हणून अलकापुरीत २७ चा मिळेल का, असं विचारलंत; पण शोधायच्या आधी मोजून बघा. दुखलं की मोठा घ्यायचा, हा समज बऱ्याचदा उलटा पडतो.

पंपिंगच्या आधी (नंतर सूज असते) स्तनाग्राचा बुंध्याशी व्यास मिमीमध्ये मोजा, भोवतीचा काळसर भाग सोडून. त्यात ० ते ३ मिळवा. १६ आलं तर १७ किंवा १९ पासून सुरुवात. दोन्ही बाजू वेगवेगळ्या निघू शकतात!

काळसर भाग फनेलच्या बोगद्यात (नळीत) खेचला जाऊन सुजत असेल तर फनेल मोठा पडतोय. स्तनाग्र कडेला घासून पांढरं पडत असेल तर लहान पडतोय. मोठा पडत असेल तर २४ मध्येच बसून बोगदा अरुंद करणारं सिलिकॉनचं इन्सर्ट घ्या, स्वस्त पडतं. आणि सक्शन सोसेल तेवढंच. जास्त ओढीने दूध वाढत नाही.