दोन्ही हातांत ओले हातमोजे: कोणते स्मार्टवॉच चालेल?

शोधयात्री
नमस्कार. मी प्रयोगशाळेत काम करते आणि माझ्या दोन्ही हातांत दिवसभर नायट्रिलचे (पातळ कृत्रिम रबराचे) हातमोजे असतात, तेही बहुतेक वेळा ओले. वेगवेगळ्या मुदतींचे टायमर लावणे आणि वाजले की बंद करणे, एवढ्या दोनच कामांसाठी मला मनगटावर काहीतरी हवे आहे. मध्यम किमतीचे घड्याळ, नवे किंवा वापरलेले, इतकीच माझी तयारी आहे. चष्मा किंवा हेडसेट नको. टचस्क्रीन, बटणे, आवाज की हाताच्या खुणा, काय निवडावे?

पहाटधावक
डोळे मिटून गार्मिन कंपनीचे फोररनर हे पाच बटणांचे धावपटूंचे घड्याळ घ्या. मी ते पावसात, घामात आणि थंडीत जाड हातमोजे घालून वापरतो आणि न पाहता बोटाला हवे ते बटण सापडते.

नवतंत्र
बटणे आता जुनी झाली. मेटाने २०२५ मध्ये पडद्याच्या चष्म्याबरोबर मनगटपट्टा आणला आहे. स्नायूंमधील सूक्ष्म विद्युत् संकेत तो मनगटाच्या त्वचेवरूनच टिपतो, त्यामुळे बोटांवर हातमोजा असो वा नसो, त्याला फरक पडत नाही. माझ्याकडे तो आहे आणि दुसऱ्या कशाकडे वळावेसे वाटत नाही. थोडे थांबा, पैसे साठवा आणि तेच घ्या.

कडीकोयंडा
त्यांनी चष्मा नको असे स्पष्ट लिहिले आहे. सॅमसंगच्या क्लासिक घड्याळाची पडद्याभोवतीची फिरणारी कड पाहा. २०२२ च्या मॉडेलांत ती नव्हती, २०२३ मध्ये वॉच ६ क्लासिकवर परत आली. एकेका टप्प्याला बोटाखाली हलका खटका जाणवतो, त्यामुळे आकडा किती पुढे गेला ते नजर न लावताही कळते.

पहाटधावक
कडेच्या फटीत धूळ बसते. बटणेच बरी.

कडीकोयंडा
माझ्या कडेत अद्याप काही अडकलेले नाही, आणि प्रयोगशाळेत धूळ कुठून येणार?

साशंक
टचस्क्रीनबद्दल कोणीच नीट सांगितले नाही, म्हणून लिहितो. पडद्याखालच्या विद्युत् क्षेत्रात बोटामुळे होणारा बदल घड्याळ मोजते. पातळ, कोरड्या नायट्रिलमधून तो बदल पुष्कळदा पोहोचतो. पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो, त्यामुळे ओला पडदा स्वतःहून काहीबाही निवडू लागतो. माझ्या आधीच्या घड्याळाने पावसात चालू व्यायामाची नोंद अशीच पुसून टाकली, आणि कंपनीने दोष माझ्या वापरावर ढकलला. आवाजाच्या आज्ञांचा तर विचारही करू नका, आजूबाजूला यंत्रे घरघरत असली की त्या निरुपयोगी ठरतात.

काचपात्र
मीही प्रयोगशाळेतच आहे. वापरलेल्या हातमोज्याने घड्याळाला हात लावायचाच कशाला? बटण असो, कड असो की पडदा, हातमोज्यावरचे रसायन घड्याळावर जाते आणि मग घरी उघड्या बोटाला लागते. शिवाय कोटाची बाही आणि हातमोज्याची कड या दोन्हींखाली घड्याळ दबलेले असते. मनगट मागे वाकले की बाजूचे बटण हाताच्या पाठीवर दाबले जाते. बटणाची बाजू कोपराकडे फिरवली की हा त्रास बराच कमी होतो.

पहाटधावक
म्हणजे बटणे चालतात, फक्त घड्याळ फिरवून बांधायचे. मी तेच म्हणत होतो.

नवतंत्र
चष्मा नको असेल तर अ‍ॅपलची दुहेरी चिमूट घ्या. २०२३ च्या अ‍ॅपल वॉच सिरीज ९ पासून ती आहे. हालचाल मोजणारे संवेदक आणि रक्तप्रवाह टिपणारा प्रकाशसंवेदक यांच्या साहाय्याने अंगठा आणि तर्जनी दोनदा जुळल्याचे घड्याळ ओळखते.

साशंक
पिपेट (द्रव मोजून घेण्याचे उपकरण) धरणाऱ्या हाताचा अंगठा सतत वर-खाली होत असतो. चुकून टायमर बंद झाला तर?

काचपात्र
घड्याळ दुसऱ्या हातात बांधायचे. पडदा जागा असेल तरच चिमूट मोजली जाते, त्यामुळे धोका आणखी कमी होतो.

शोधयात्री
सर्वांचे आभार. उत्तरे वाचताना लक्षात आले की माझी दोन कामे वेगळ्या जातीची आहेत. टायमर लावताना घड्याळाला एक आकडा सांगायचा असतो, आणि बटणांनी किंवा कडेने तो टप्प्याटप्प्याने गाठावा लागतो. बोलून तो एका वाक्यात सांगता येतो. बंद करताना मात्र फक्त एक होकार पुरेसा असतो. आमच्या खोलीत यंत्रांचा आवाज फारसा नाही, आणि सिरीज ९ मध्ये टायमरसारख्या साध्या आज्ञा घड्याळातच समजून घेतल्या जातात, सर्व्हरवर पाठवाव्या लागत नाहीत.

पहाटधावक
कोणी जवळ बोलत असताना ते फसेल. अजूनही सांगतो, बटणे घ्या.

साशंक
मीही सहमत आहे. आवाजावर भिस्त ठेवू नका.

शोधयात्री
काचपात्र यांनी लिहिलेला मुद्दा माझ्यासाठी सर्वांत वजनदार आहे: वापरलेल्या हातमोज्याने घड्याळाला स्पर्श होता कामा नये. त्यामुळे बटणांचे घड्याळ कितीही भरवशाचे असले तरी मी ते घेणार नाही. वापरलेले सिरीज ९ घेत आहे. टायमर बोलून लावीन, चिमटीने थांबवीन आणि घड्याळ पिपेट नसलेल्या हातात बांधीन.

नवतंत्र
मनगटपट्ट्याचा पुन्हा विचार करा.