'नपुंसकत्व' म्हणायचं का? मज्जारज्जूची इजा, प्रोस्टेट आणि आपले मराठी शब्द

प्रश्न
चुलतभावाला मज्जारज्जूची इजा झालीये, छातीच्या लेव्हलला. रिपोर्टमध्ये 'अनइजॅक्युलेशन' असं लिहिलंय, घरात कुणीतरी त्याचं मराठी 'नपुंसकत्व' केलं आणि आता सगळे तोच शब्द धरून बसलेत. बरोबर आहे का हे? प्रोस्टेटचाही उल्लेख आहे, त्याला मराठीत काय म्हणतात?

प्रतिसाद
साफ चूक आहे. अनइजॅक्युलेशन म्हणजे वीर्य बाहेर न येणं, 'अस्खलन' म्हणा किंवा सरळ 'स्खलन होत नाही' म्हणा. नपुंसकत्व लोक वापरतात ताठरता न येण्यासाठी, आणि मूल न होणं म्हणजे वंध्यत्व. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि या इजेत तर त्या एकमेकींना विचारतही नाहीत.

ताठरता दोन वाटांनी येते. स्पर्शाने येणारी मज्जारज्जूच्या पार खालच्या टोकातून, एस २ ते एस ४ मधून (मज्जारज्जूचे भाग असे मोजतात: टी छातीचे, एल कमरेचे, एस त्याच्याही खालचे), आणि नुसत्या विचाराने येणारी टी ११ ते एल २ मधून. इजा बरीच वर असेल तर स्पर्शाची वाट बहुतेक वेळा शाबूत राहते. स्खलनाला मात्र दोन्ही ठिकाणं लागतात आणि तीही क्रमाने, म्हणजे आधी टी १० ते एल २ च्या नसा वीर्य मूत्रनलिकेत आणून सोडतात आणि मूत्राशयाचं तोंड बंद करतात, मग एस २ ते एस ४ च्या नसा स्नायू आवळून ते बाहेर ढकलतात. हा ताळमेळ सहज बिघडतो. त्यामुळे ताठरता आहे पण स्खलन नाही असं सर्रास दिसतं, या इजेच्या दहातल्या साधारण नऊ पुरुषांना संबंधातून स्खलन होत नाही. त्या सगळ्यांना नपुंसक म्हणणार का?

उपप्रतिसाद
यात 'विपरीत स्खलन' पण जोडा. मूत्राशयाचं तोंड नीट मिटलं नाही की वीर्य उलटं आत जातं. बाहेर काहीच दिसत नाही म्हणून 'कोरडं' वाटतं, पण नंतरच्या लघवीत शुक्राणू सापडतात.

प्रतिसाद
थोडं विषयांतर, पण 'पाठीचा कणा मोडला' आणि 'मज्जारज्जूला इजा' यात लोक फार गल्लत करतात. कणा म्हणजे हाडं, मज्जारज्जू म्हणजे आतली नसांची दोरी, आणि मोठ्या माणसात ती दोरी कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. म्हणजे एस २ चा भाग माकडहाडापाशी नाही, बराच वर असतो, आणि म्हणून 'मणका कुठला मोडला' यापेक्षा 'मज्जारज्जूचा कुठला भाग गेला' हे विचारायला हवं. तसंच रिपोर्टमधलं 'कम्प्लीट'. त्याचा अर्थ दोरी तुटून दोन तुकडे झाले असा नाही, गुदद्वाराजवळच्या सगळ्यात खालच्या भागात संवेदना आणि हालचाल दोन्ही नाहीत असा आहे.

प्रतिसाद
प्रोस्टेटबद्दल. परिभाषेत 'पुरःस्थ ग्रंथी', पुरः म्हणजे पुढे, स्थ म्हणजे उभी असलेली, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही पुढे उभा राहणारा असाच आहे. शब्द चांगला आहे पण बोलताना कोण वापरतं, डॉक्टरसुद्धा प्रोस्टेटच म्हणतात. 'पौरुषग्रंथी' मात्र मला अजिबात आवडत नाही, पुरुषी संप्रेरक बनतं वृषणात, या ग्रंथीत नाही, आणि नावामुळे माणूस उगाच घाबरतो. मूत्राशयाच्या खाली मूत्रनलिकेभोवती असते, अक्रोडाएवढी, आणि वीर्यातला साधारण पाव भाग द्रव तिचा. रक्ततपासणीत मोजतात ते पीएसए नावाचं प्रथिन पण तीच बनवते, त्यानेच घट्ट झालेलं वीर्य पातळ होतं.

मूळ प्रश्नकर्ता
पण मग इजेचा आणि प्रोस्टेटचा काय संबंध? आणि 'शुक्राणू कमकुवत' असंही कुणीतरी म्हणालं.

प्रतिसाद
इथेच खरी गंमत आहे, आणि वीर्य, शुक्राणू हे शब्द वेगळे ठेवले नाहीत तर ती कळणारच नाही. वीर्य म्हणजे सगळा द्रव, शुक्राणू म्हणजे त्यातल्या पेशी. या इजेनंतर शुक्राणूंची संख्या बहुधा ठीक असते, पण हालचाल खूप कमी होते आणि मेलेले जास्त सापडतात. आधी लोकांना वाटायचं की व्हीलचेअरवर बसून वृषणं तापतात, किंवा वीर्य साठून राहतं, म्हणून असेल. पण थेट शुक्रवाहिनीतून, म्हणजे वृषणाकडून शुक्राणू वर नेणाऱ्या नळीतून, घेतलेले शुक्राणू बाहेर आलेल्या वीर्यातल्यापेक्षा जास्त हालतात असं दिसलं, म्हणजे बिघाड नंतरच्या टप्प्यात होतो, जिथे प्रोस्टेट आणि वीर्यकोष आपला द्रव मिसळतात. त्या द्रवात रक्तातल्या पांढऱ्या पेशी जास्त, सूज वाढवणारी सायटोकाइन्स नावाची प्रथिनं जास्त, आणि प्रयोगशाळेत ती निष्प्रभ केल्यावर हालचाल सुधारते. नसांचं नियंत्रण सुटल्याने या ग्रंथींचं काम बिघडतं असा संशय आहे. कॅथेटरमुळे, म्हणजे लघवीसाठी घातलेल्या नळीमुळे, वारंवार होणारं इन्फेक्शन प्रोस्टेटपर्यंत जाऊ शकतं ते वेगळंच. काहींचं वीर्य तपकिरी दिसतं, तेही या इजेत माहीत असलेलं आहे. तर 'शुक्राणू कमकुवत' पेक्षा 'वीर्यद्रव बिघडलाय' जास्त जवळ जातं.

उपप्रतिसाद
आणि 'वंध्यत्व' पण लगेच लिहू नका. इजा टी १० किंवा त्याच्या वर असेल तर कंपन देणारं यंत्र लिंगाच्या टोकाशी धरून बऱ्याच जणांना स्खलन होतं, कंपन सेकंदाला १०० वेळा आणि अडीच मिलिमीटरचं असं साधारण प्रमाण. नाही जमलं तर गुदद्वारातून विजेचं उद्दीपन, तेही नाही तर वृषणातून सुईने शुक्राणू काढतात. इक्सीमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत सुईने शुक्राणू थेट अंड्यात सोडतात त्यात, एका अंड्याला एकच शुक्राणू पुरतो, कमी हालणाराही चालतो.

प्रतिसाद
कंपन यंत्र घरी आणून स्वतः सुरुवात करायची नाही, पहिल्यांदा डॉक्टरांसमोरच. इजा टी ६ किंवा वर असेल तर 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया' होऊ शकतो, मराठी शब्द शोधत बसू नका, लक्षणं पाठ करा: एकदम डोकं ठणकतं, इजेच्या वर चेहरा लाल होतो, घाम फुटतो, बीपी धोकादायक वाढतं. तसं झालं की यंत्र लगेच बंद, माणसाला बसतं करा, बीपी बघा, आणि उतरत नसेल तर थेट दवाखाना. धोका असलेल्यांना डॉक्टर आधी बीपीची गोळी देऊन ठेवतात.

मूळ प्रश्नकर्ता
त्याची टी ५ आहे. आधी विचारतो.