दर मोसमाला नवा क्लब: मधल्या फळीच्या खेळाडूने करारात आणि मैदानावर काय सांभाळायचं?

शाहू_स्टेडियम_पूर्व

कोल्हापूरच्या 23 वर्षांच्या एका मिडफिल्डरसाठी विचारतोय. नंबर आठ (बचाव आणि हल्ला जोडणारा), उजव्या पायाचा, गरज पडली तर सहा नंबरवरही (बचावफळीच्या पुढे) खेळतो. तीन मोसमांत तीन क्लब झालेत, दोन आय-लीग 2 मधले (तिसरा स्तर) आणि एक आय-लीगमधला (दुसरा स्तर). सध्याचा करार 31 मे रोजी संपतो. पुढे दोन प्रस्ताव आहेत. आय-लीगचा एक क्लब एक वर्षाचा करार देतोय आणि तिथे नियमित खेळायला मिळेल असं दिसतंय. आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, सर्वांत वरचा स्तर) एक क्लब दोन वर्षांचा करार देतोय, पैसे बरेच जास्त, पण "पहिल्या वर्षी लोनवर पाठवू" असं तोंडी सांगितलंय.

करार वाचताना नेमकं काय तपासायचं? नवीन संघात लवकर जागा कशी मिळवायची? आणि मधल्या सुट्टीत पेठेच्या (कोल्हापुरातल्या स्थानिक) संघाकडून खेळलं तर चालतं का?

करारनामा

लोनचं आश्वासन तोंडी असेल तर ते नाहीच असं धरून चाला. लोन म्हणजे ठरावीक काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायला पाठवणं, आणि त्यासाठी दोन क्लब आणि खेळाडू यांचा स्वतंत्र लेखी करार लागतो. तो कमीत कमी दोन नोंदणी खिडक्यांमधल्या (खिडकी म्हणजे नव्या क्लबकडे नोंदणी करता येते तो काळ) काळाचा आणि जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो, आणि लोनवर आलेल्या खेळाडूला पुढे तिसऱ्या क्लबकडे लोनवर पाठवता येत नाही. लोनच्या काळात पगार कोण देणार, मूळ क्लब किती आणि नवा किती, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा, हे तिन्ही त्यात लिहून घ्या. लोन मध्येच मोडलं तर मूळ क्लबकडे परत येऊन संघात सामील व्हायचा हक्क खेळाडूला असतो.

आता मुख्य करार. फिफाच्या नियमांनुसार कराराची किमान मुदत चालू मोसम संपेपर्यंत आणि कमाल मुदत पाच वर्षं. 18 वर्षांखालच्यांना तीन. "मेडिकल पास झाल्यासच करार लागू" असं कलम चालत नाही. मेडिकल सहीच्या आधी उरकायची असते, त्यामुळे सही झाल्यावर कुणी मेडिकलचं कारण सांगून मागे फिरत असेल तर ते नियमाबाहेर आहे. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी थेट बोलू शकतो. म्हणजे तुमच्या खेळाडूला ही मोकळीक नोव्हेंबरअखेरीसच मिळाली होती.

मानधनाच्या तारखा करारात आकड्यांत हव्यात: दर महिन्याच्या अमुक तारखेला अमुक रक्कम. "मोसमात समान हप्त्यांत" एवढंच लिहिलं असेल तर थकबाकी कधी सुरू झाली हे सिद्ध करणं कठीण होतं. दोन महिन्यांचा पगार थकला की लेखी नोटीस देऊन 15 दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार मोडता येतो. नोटीस ईमेलने पाठवा, व्हॉट्सॲपवर भागवू नका. पुष्कळ जण रागाने आधी कॅम्प सोडतात आणि नोटीस नंतर देतात. मग करार खेळाडूनेच मोडला असं चित्र उभं राहतं आणि बाजू पडते. नोटिशीची मुदत संपेपर्यंत सरावाला जायचं, हजेरीची नोंद ठेवायची.

देशांतर्गत वाद एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) प्लेयर्स स्टेटस कमिटीकडे जातात. परदेशी खेळाडू विरुद्ध भारतीय क्लब असा वाद असेल तरच तो फिफाकडे.

2025 च्या उन्हाळ्यात आयएसएलचा पुढचा मोसम स्थगित झाला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. म्हणून स्पर्धाच झाली नाही तर मानधनाचं काय, हे कलम आता प्रत्येक करारात शोधायचं. "स्पर्धा न झाल्यास करार आपोआप रद्द" असं दिसलं तर ते काढायला लावा, नाहीतर किमान किती महिन्यांचं मानधन मिळेल ते लिहून घ्या.

डबल_पिव्होट

मैदानाबद्दल लिहितो. स्टॉपर (मधला बचावपटू) किंवा विंगरपेक्षा मिडफिल्डरला क्लब बदलणं जास्त महाग पडतं, कारण त्याचं काम आजूबाजूच्या सहा-सात जणांवर ठरतं. आधीच्या संघात चेंडू मिळाला की डावा बॅक (बाजूचा बचावपटू) वर धावलेला असायचा, इथे तो आत येऊन उभा राहतो. सवयीने टाकलेला पास थेट बाहेर जातो, आणि बाकावरून बघणाऱ्याला वाटतं की याला पासच देता येत नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात सहाय्यक प्रशिक्षकाला पाच गोष्टी विचारून वहीत लिहायच्या. गोलकिपरपासून खेळ सुरू होताना सहा नंबर दोन स्टॉपरच्या मध्ये उतरतो का? प्रेसिंग (चेंडूवाल्यावर धावून दबाव) कशावरून सुरू करायचं, पाठमोऱ्या पासवर की प्रतिस्पर्ध्याच्या बॅककडे चेंडू गेल्यावर? आपला बॅक पुढे गेला तर त्याची जागा कोण भरतो? लांब गोलकिकवर सेकंड बॉलसाठी (पहिल्या झुंजीनंतर सुटलेल्या चेंडूसाठी) कोण कुठे उभा? कॉर्नरवर झोन (जागा) सांभाळायचा की माणूस? याच्या जोडीला प्रत्येक स्टॉपरचा चांगला पाय कोणता तेही पाठ करा. डावखुऱ्या स्टॉपरला उजव्या पायावर पास दिला की पुढचा सगळा डाव मंदावतो.

आयएसएलमध्ये गेल्या काही मोसमांत मैदानावर चारच परदेशी असू शकत होते. क्लब त्यांतला एक बहुधा दहा नंबरवर (स्ट्रायकरच्या मागे) आणि एक स्ट्रायकर म्हणून वापरतात, कित्येकदा एक सहा नंबरवरही. भारतीय मिडफिल्डरला मोकळी जागा उरते ती परदेशी खेळाडूच्या शेजारची, पळणाऱ्याची आणि झाकणाऱ्याची. आठ आणि सहा दोन्ही खेळणाऱ्याला म्हणूनच मागणी असते. पण "कुठेही खेळतो" असं सांगू नका, त्यातून काहीच कळत नाही. "डाव्या बाजूचा आठ, गरजेला एकटा सहा" असं नेमकं सांगा.

व्हिडिओ चार मिनिटांच्या आत ठेवा. गोल आणि लांब शॉट सुरुवातीला नकोत. आधी पाठीवर माणूस असताना चेंडू घेऊन वळणं, मग चेंडू गेल्यावर पाच सेकंदांत परत मिळवणं, मग बचावाची पोझिशन. सोबत दोन पूर्ण सामन्यांच्या लिंक द्या, त्यांतला एक हरलेला. क्लिपा सगळ्यांच्याच चांगल्या असतात, प्रशिक्षक बघतात तो 70 व्या मिनिटानंतरचा खेळ.

जानेवारीत क्लब बदलणाऱ्यांच्या मांड्यांचे मागचे स्नायू फार जातात. मिडफिल्डर एका सामन्यात साधारण 10 ते 12 किलोमीटर पळतो. बाकावर बसलेल्याच्या शरीराला ती सवय राहिलेली नसते, आणि नवा क्लब दुसऱ्याच आठवड्यात 90 मिनिटं खेळवतो. न खेळलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वेगाने पळण्याचा वेगळा सराव ट्रेनरकडून मागून घ्या.

बूटही दोन जोड हवेत. कुपरेजचं मैदान कृत्रिम गवताचं आहे, ऐझॉलचंही. एफजी (नैसर्गिक गवताच्या बुटांचे) स्टड तिथे रुतून बसतात, पाय वळत नाही आणि गुडघा वळतो. कृत्रिम गवतासाठी आखूड आणि जास्त स्टडचे एजी बूट वापरा.

फातोर्डा_नॉर्थ

फार क्लब बदलले म्हणजे खेळाडू टिकाऊ नाही, हा समज आपल्याकडे उगीच आहे. भारतात कितीदा क्लबच खेळाडूच्या पायाखालून निघून गेलेत. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद. पुण्याचा भारत एफसी 2014-15 चा एकच मोसम खेळला, पुणे एफसीही त्याच सुमारास संपला. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. 2017 मध्ये मुंबई एफसी, 2019 मध्ये एफसी पुणे सिटी. त्या काळातल्या मुंबई-पुणे-गोव्याच्या खेळाडूच्या यादीत सहा क्लब दिसले तर त्यात त्याचा काय दोष?

शिवाय आयएसएलच्या पहिल्या मोसमांत ती स्पर्धा वर्षाच्या शेवटी तीन महिने चालायची आणि आय-लीग त्यानंतर. एकाच वर्षात दोन क्लब हा तेव्हाचा रिवाजच होता.

लेनी रॉड्रिग्जकडे बघा. 1987 चा जन्म, बचावात्मक मिडफिल्डर, आपला गोंयकार. चर्चिल ब्रदर्स, एफसी पुणे सिटी, मोहन बागान, बंगळुरू एफसी आणि मग 2018 मध्ये, एकतिशीत, एफसी गोवा. सर्जियो लोबेरांच्या संघात अहमद जाहू चेंडू खेळवायचा आणि लेनी त्याच्या आजूबाजूची जागा झाकायचा. 2019 चा सुपर कप आणि 2019-20 ची लीग शील्ड (साखळी फेरीत अव्वल राहणाऱ्याची) त्या जोडीच्या काळातली. जानेवारी 2021 मध्ये ग्लॅन मार्टिन्सच्या बदल्यात तो एटीके मोहन बागानला गेला. त्याचं काम ठरलेलं होतं आणि ते प्रत्येक प्रशिक्षकाला हवं होतं, म्हणून तिशीनंतरही मागणी राहिली.

तुमच्या खेळाडूला मी आय-लीगचाच क्लब घ्यायला सांगेन. 23 व्या वर्षी 20 सामने पूर्ण खेळणं हे लोनच्या भरवशापेक्षा मोलाचं आहे. लोन लेखी मिळत असेल आणि कुठल्या क्लबला तेही ठरलं असेल, तर मात्र आयएसएलचा करार घ्यावा.

शाहू_स्टेडियम_पूर्व

खूप उपयोगी माहिती, धन्यवाद. बाकावरच बसवलं तर सुटण्याचा काही मार्ग आहे का? आणि पेठेच्या सामन्यांचं राहिलं.

करारनामा

मार्ग आहे, पण अरुंद. प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू मोसमातल्या अधिकृत सामन्यांपैकी 10 टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळला असेल, तर क्रीडाविषयक योग्य कारण म्हणून करार मोडता येतो, तोही क्लबच्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर 15 दिवसांच्या आत. 23 वर्षांच्या खेळाडूला आपण "प्रस्थापित" आहोत हे पटवणं जड जातं. त्यापेक्षा करारातच लिहून घ्या की जानेवारीपर्यंत ठरावीक मिनिटं खेळायला मिळाली नाहीत तर क्लब लोनसाठी ना-हरकत देईल.

एका मोसमात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी आणि त्यांतल्या दोघांकडूनच अधिकृत सामने, ही मर्यादाही लक्षात ठेवा. ऑगस्टमध्ये एका क्लबकडून दहा मिनिटं उतरला तरी तो एक क्लब मोजला गेला.

पेठेच्या सामन्यांना करार चालू असताना सरळ नाही म्हणायचं. खेळाडूची नोंदणी एका वेळी एकाच क्लबकडे असते आणि बहुतेक करारांत परवानगीशिवाय दुसरीकडे खेळायला बंदी असते. गडहिंग्लजला किंवा शाहू स्टेडियमवर नॉकआउट सामन्यात गुडघा गेला तर क्लबचा विमा लागू होत नाही आणि वर करारभंगही होतो. करार 31 मे रोजी संपला आणि नवा 1 जूनपासून असेल तर मधे एकही मोकळा दिवस नाही. हौशी म्हणून पुन्हा नोंदणी करायची तर शेवटच्या व्यावसायिक सामन्यानंतर किमान 30 दिवस जावे लागतात. रेल्वे किंवा बँकेच्या संघातली नोकरी पुढे कधी घ्यायची असेल तेव्हाही हीच अट आडवी येते, त्यामुळे भरतीची तारीख बघून शेवटचा सामना ठरवा.