लॅक्टेट मेंदूपर्यंत पोचतं कसं

"दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे, मग ते मेंदूला कसलं चांगलं?" व्यायामात स्नायूंमध्ये तयार होणारं लॅक्टेट (बोलताना त्यालाच लॅक्टिक ॲसिड म्हणतात) मेंदूच्या कामी येतं म्हटलं की असं विचारलं जातं. ते दुखणं त्याचं नाहीच. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात लॅक्टेट मूळ पातळीवर येतं. पाय दुखतात ते स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे.

बसल्या जागी रक्तात लिटरमागे १ मिलिमोलच्या आसपास लॅक्टेट असतं. चढावर दम लागेस्तोवर धावलात तर ते १० च्या पुढे जाऊ शकतं. एमसीटी१ नावाची वाहक प्रथिनं ते रक्तातून मेंदूत नेतात आणि चेतापेशी चक्क इंधन म्हणून वापरतात. उंदरांमध्ये याच्याही पुढचं दिसलंय: लॅक्टेटमुळे हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाशी जोडलेल्या भागात, बीडीएनएफ, म्हणजे शिकण्या-आठवण्याशी जोडलेलं प्रथिन, वाढतं. माणसात मात्र बीडीएनएफ मोजतात ते रक्तातलं, मेंदूतलं नव्हे. त्यामुळे 'दोन स्प्रिंट मारा, स्मरणशक्ती वाढवा' छाप व्हिडिओंवर भाळू नका.

बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून लॅक्टेट मोजणाऱ्या मीटरवर स्वतः मोजणार असाल तर बोट धुऊन पूर्ण कोरडं करा, पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा पट्टीवर घ्या. घामातही लॅक्टेट भरपूर असतं. तो थेंबात मिसळला की आकडा उगाच फुगतो.