मदत हवी आहे : भाच्याचा जनुकीय अहवाल आणि बीटीके प्रथिनाची तपासणी

नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे. माझ्या भाच्याला, वय ३ वर्षे, वारंवार कान फुटणे व न्यूमोनिया होत असल्याने तपासण्या केल्या, तेव्हा रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडे) नगण्य आढळले आणि फ्लो सायटोमेट्रीत (पेशींचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीत) बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडांसाठी लागणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ दिसल्याच नाहीत. डॉक्टरांनी एक्सएलए या, एक्स गुणसूत्रावरील बीटीके जनुकातील दोषामुळे होणाऱ्या आनुवंशिक विकाराचे अनुमान करून आयव्हीआयजी (दात्यांची प्रतिपिंडे शिरेतून देणे) सुरू केले, पोलिओचे थेंब देऊ नयेत असेही बजावले. मुलगा आता बरा आहे, त्यामुळे माझा प्रश्न उपचारांविषयी नाही.

मी वाचून समजून घेतले ते असे. अस्थिमज्जेत बी पेशी घडत असताना पृष्ठभागावरचा संकेत आत पोहोचवण्याचे काम बीटीके नावाचे प्रथिन करते. ते नसले की पेशी पूर्वावस्थेतच अडकते, तिच्यापासून पुढे प्लाझ्मा पेशी होत नाहीत, आणि प्रतिपिंडांची स्वतःची जनुके शाबूत असूनही प्रतिपिंडे बनवणारे कोणी उरत नाही. पहिले काही महिने आईकडून वारेतून आलेले आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) पुरते, म्हणून तोवर बाळ ठणठणीत होते. (घरात सगळे दृष्ट काढत बसले, ते अर्थात नंतर.)

अडचण जनुकीय अहवालाची आहे. त्यात बीटीके जनुकात एकच अमिनो आम्ल बदलल्याचे लिहिले असून, या बदलाचे 'महत्त्व अनिश्चित' असा शेरा आहे. आता मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींमधील बीटीके प्रथिन मोजावे असे सुचवले गेले आहे. ते पुरेसे आढळले, तर निदान चुकले असे समजायचे का? शिवाय माझ्या धाकट्या बहिणीचे नुकतेच लग्न झाले आहे; तिने काय तपासून घ्यावे? भाच्याच्या आईचे इम्युनोग्लोब्युलिन तर अगदी व्यवस्थित आले आहे.

प्रतिसाद :

आपण मांडलेली साखळी बरोबर आहे. मोनोसाइट निवडतात, कारण या पेशीही बीटीके बनवतात, मात्र त्याच्यावाचून जगू शकतात. मुलाकडे बी पेशीच नसताना तपासायला दुसरे सोयीचे ठिकाण नाही. प्रथिन आढळले नाही, तर निदानाला भक्कम आधार मिळतो. आढळले, तर मात्र निदान खोडले जात नाही. एक अमिनो आम्ल बदलल्याने बऱ्याचदा प्रथिनाची घडी बिघडते आणि पेशी ते मोडून टाकते, पण काही बदलांत ते पूर्ण मात्रेत तयार होऊनही निकामी असते. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या एक्सआयडी उंदरांमध्ये नेमके हेच होते : २८व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन येते, प्रथिन असते, पण पेशीच्या पटलाशी जोडले जात नाही. मोजणी मात्रा सांगते, कार्य नव्हे.

आईचे इम्युनोग्लोब्युलिन व्यवस्थित येणारच. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एकच एक्स गुणसूत्र चालू असते. सदोष एक्स चालू असलेल्या बी पेशी वाढतच नाहीत, आणि उरलेल्या निरोगी पेशी सगळे काम उचलतात. मोनोसाइटमध्ये अशी गाळणी होत नाही, म्हणून मुलात प्रथिन नसेल आणि आई वाहक असेल, तर तिच्या रक्तात प्रथिन असलेल्या व नसलेल्या पेशींचे दोन गट दिसू शकतात. मुलात प्रथिन पुरेसे निघाले, तर ही खूण मिळणार नाही. तेव्हा आईच्या जनुकात तोच बदल आहे का, हेच पाहावे लागेल.

धाकट्या बहिणीची तपासणी त्यानंतर ठरवावी. आईत बदल सापडला, तर गर्भधारणेपूर्वी धाकट्या बहिणीने जनुकीय सल्लागारांना अवश्य भेटावे. वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलग्याला हा विकार होण्याची शक्यता ५० टक्के असते. आईत बदल नसेल, तर तो मुलातच नव्याने उद्भवलेला असू शकतो. तरीही आईच्या पुढच्या अपत्याबाबत धोका शून्य धरू नये, कारण बदल केवळ तिच्या बीजपेशींत दडलेला असू शकतो.

नमुन्याबाबत मुंबईत परळ येथील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत डॉक्टरांमार्फत आधी विचारणा करावी. पेशी ताज्या लागतात, तेव्हा कोल्हापुरातून रक्त पाठवायचे तर वेळ आणि तापमान दोन्ही आधी ठरवून घ्यावे, आणि त्याच प्रवासात एखाद्या निरोगी, शक्यतो नात्याबाहेरील व्यक्तीचा नमुनाही तुलनेसाठी सोबत द्यावा. आयव्हीआयजीमुळे या मोजणीत अडथळा येत नाही. रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या इतर चाचण्यांत मात्र दात्यांची प्रतिपिंडे दिसतात, म्हणून त्या निष्कर्षांवर विसंबू नये.